मेनच्या आधीचा अर्धा सेकंद

सी शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात सांगतात, प्रोग्रॅम मेन नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो. वायवाला तोच प्रश्न येतो, आपण तेच उत्तर देतो आणि मार्क मिळतात. मीसुद्धा कित्येक वर्षं तेच धरून होतो, त्याने कधी काही अडलं नाही कारण रोजच्या कामात खरंच अडत नाही. मग मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोजेक्टमध्ये चोरदरवाजा (बॅकडोर) घातल्याचं. बातम्यांमध्ये ती गोष्ट "एका माणसाने दोन-तीन वर्षं विश्वास कमावला आणि मग दगा दिला" अशी आली, तीही खरीच आहे, पण सी लिहिणाऱ्या माणसाला त्यातली दुसरी बाजू जास्त कामाची आहे असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे या हल्ल्याची सगळी मांडामांड मेन सुरू व्हायच्या आधीच उरकलेली असते. म्हणून तेवढीच बाजू इथे सविस्तर लिहितोय.

आधी घडलं काय ते. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो. तो डेबियन या लिनक्सच्या अनस्टेबल आवृत्तीच्या मशीनवर छोटे छोटे बेंचमार्क घेत होता आणि त्यासाठी मशीन एकदम शांत हवं होतं. पण एसएसएचडीच्या, म्हणजे दुरून येणारं लॉगिन घेणाऱ्या सर्व्हरच्या, प्रोसेस मधेमधे बराच सीपीयू खात होत्या. इंटरनेटला उघडं असलेलं मशीन म्हटल्यावर बॉट चुकीची युजरनेम टाकून लॉगिन मारत राहणार, त्यात नवल नाही, पण असं लॉगिन लगेच नाकारलं जातं, त्याला एवढा वेळ लागायचं कारणच नाही. त्याने मोजलं. मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या युजरने लॉगिन करून बघितलं तर आधी ०.२९९ सेकंद लागायचे ते आता ०.८०७ लागत होते. मग परफ हे वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल लावून पाहिलं तर वेळ लिबएलझेडएमए नावाच्या, एक्सझेडच्याच लायब्ररीत जातोय असं दिसलं, पण त्यातल्या नेमक्या कुठल्या फंक्शनमध्ये ते परफला सांगता येईना, नावच सापडेना. त्याला आठवलं की काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या ऑटोमॅटिक टेस्टमध्ये मेमरीच्या चुका शोधणाऱ्या वॅलग्रिंडने एक विचित्र तक्रार केली होती, पॅकेज अपडेट झाल्यानंतर. धागा धागा जोडत तो २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळं जाहीर करून मोकळा झाला. या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा नंबर मिळाला आणि गंभीरपणाचे १० पैकी १०.

आता पहिला प्रश्न हाच पडायला हवा की लॉगिन घेणाऱ्या सर्व्हरचा आणि फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचा संबंध काय. मूळ ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे एसएसएचडी ज्याचा भाग आहे त्या प्रोजेक्टमध्ये, काहीच संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरे मंडळी त्यावर स्वतःचा एक पॅच लावत होती, म्हणजे एसएसएचडी तयार झाला की त्याने सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर बाकीचे सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, "मी तयार आहे" असं कळवायचं. हे कळवणं म्हणजे एका सॉकेटवर रेडी=१ एवढं लिहिणं, बास. पण त्यासाठी लिबसिस्टमडी लिंक केली, लिबसिस्टमडीला जर्नल नावाच्या त्याच्या लॉगमधल्या दाबलेल्या नोंदी वाचायला लिबएलझेडएमए लागते, आणि अशी ती तिसऱ्या घरची पाहुणी एसएसएचडीच्या प्रोसेसमध्ये येऊन बसली. आर्च या लिनक्सने असा पॅच लावलेला नव्हता, त्यामुळे तिथे लायब्ररीची बाधित आवृत्ती आली तरी एसएसएचडीपर्यंत ती पोचत नव्हती.

आणि इथेच खरी गोम आहे. एसएसएचडी लिबएलझेडएमएचं एकही फंक्शन स्वतः कॉल करत नाही. सोर्स उघडून शोधा, एक ओळ सापडणार नाही. मग तिच्यातला कोड चालला कसा?

याचं उत्तर द्यायला मेनच्या आधी काय काय होतं ते बघावं लागेल, थोडं सावकाश बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लिनक्सवर प्रोग्रॅम चालवला की कर्नल फाइल मेमरीत मांडतो पण कंट्रोल तुमच्या कोडकडे देत नाही, तो देतो डायनॅमिक लिंकरकडे. हा लिंकर कुठल्या लायब्ररी हव्यात ते वाचतो, त्यांना हव्या असलेल्या लायब्ररीही वाचतो, सगळ्या मेमरीत आणतो. मग रिलोकेशन, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये "अमुक फंक्शनचा पत्ता इथे भरा" अशा ज्या रिकाम्या जागा असतात त्या भरणं. या जागांचा तक्ता म्हणजे जीओटी. भरायचा क्रम असा की ज्या लायब्ररीवर बाकीचे अवलंबून त्या आधी आणि मुख्य प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी. हे झालं की लायब्ररींचे कन्स्ट्रक्टर, म्हणजे लोड झाल्यावर आपोआप चालणारी फंक्शनं, चालतात. त्यानंतर कुठे कंट्रोल तुमच्या फाइलमधल्या स्टार्टपाशी येतो, तिथून सीलायब्ररीच्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये जातो, तुमच्या फाइलचे स्वतःचे कन्स्ट्रक्टर चालतात आणि मग एकदाचं मेन. मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही, तिथे रीसेट झाल्यावर फ्लॅशमधला डेटा रॅममध्ये कॉपी करणं, बाकीची जागा शून्य करणं हे सगळं मेनच्या आधीच होतं आणि बऱ्याचदा ती फाइल आपल्या डोळ्यासमोर असते. डेस्कटॉपवर ती समोर नसते एवढंच.

कन्स्ट्रक्टर म्हटलं की सी++ आठवतं, पण इथे जीसीसी या कंपायलरचं ॲट्रिब्यूट म्हणतोय, सीच्या स्टँडर्डमध्ये ते नाही. करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एका फाइलमध्ये फंक्शन लिहा, त्याला कन्स्ट्रक्टर ॲट्रिब्यूट लावा, आत ओळ छापणारं एक पुट्स टाका आणि त्या फाइलची डॉट एसओ, म्हणजे लायब्ररी, बनवा. दुसऱ्या फाइलमध्ये मेन ज्यात फक्त रिटर्न शून्य. दोन्ही लिंक करून चालवलं की ओळ छापून येते, मेनने तर काहीच केलेलं नाही आणि लायब्ररीला हाकही मारलेली नाही. उबंटूवर करत असाल तर तिथला लिंकर न वापरलेली लायब्ररी आपणहून गाळून टाकतो, तिथे नो-ॲज-नीडेड हा फ्लॅग लायब्ररीच्या नावाच्या आधी द्यावा लागतो, नाहीतर काहीच छापणार नाही आणि डोकं खाजवत बसाल. एसएसएचडीच्या बाबतीत हा गाळणीचा उपयोग झाला नाही कारण लिबसिस्टमडी तो खरंच वापरत होता आणि लिबसिस्टमडी लिबएलझेडएमए खरंच वापरते, साखळीतली एकही कडी फुकटची नव्हती.

म्हणजे लिंक केलं एवढं पुरतं, कॉल करायची गरज नाही.

पण एक्सझेडच्या हल्ल्यात कन्स्ट्रक्टर वापरलाच नाही. त्याच्याही आधीची जागा वापरली, आयफंक. हे काय ते सांगतो. समजा एकच काम करायच्या दोन पद्धती आहेत, एक कुठल्याही सीपीयूवर चालणारी आणि एक नव्या सीपीयूच्या खास इन्स्ट्रक्शन वापरून झपाट्याने करणारी. कुठली वापरायची ते प्रोग्रॅम सुरू होतानाच ठरेल. आयफंकमध्ये त्या फंक्शनचा पत्ता आधी ठरलेला नसतो, त्याऐवजी एक रिझॉल्व्हर फंक्शन असतं, रिलोकेशन करताना लिंकर त्याला कॉल करतो, तो सीपीयू तपासून योग्य पत्ता परत देतो आणि तो जीओटीत भरला जातो. कल्पना चांगली आहे, जीलिबसी या लिनक्सवरच्या सीलायब्ररीमध्ये मेमकॉपीसारख्या फंक्शनसाठी रोज वापरली जाते. एक्सझेडमध्ये सीआरसी३२ आणि सीआरसी६४ या दोन चेकसमसाठी (डेटा बिघडला का ते तपासायचे आकडे) ती आणली गेली २०२३ च्या जूनमध्ये. पुढच्याच महिन्यात जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या त्या दगा देणाऱ्या माणसाने गूगलच्या ओएसएस-फझ या तपासणीच्या बिल्डमध्ये आयफंक बंद ठेवायला सांगितलं, कारण दिलं की मेमरीच्या चुका पकडणाऱ्या सॅनिटायझरबरोबर ते जुळत नाही. त्या वेळी कोणाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं, कारण ते खरंच जुळत नाही.

या रिझॉल्व्हरची जागा किती नाजूक आहे ते नीट लक्षात घ्या. तो चालतो रिलोकेशन सुरू असताना. म्हणजे लिबएलझेडएमएच्या रिकाम्या जागा भरल्या जातायत, आणि मुख्य प्रोग्रॅमच्या, म्हणजे एसएसएचडीच्या, जागा अजून भरायच्या आहेत. आयफंक वापरणाऱ्याला नेहमी सांगतात की रिझॉल्व्हरमध्ये बाहेरचं फंक्शन कॉल करू नका, त्याचा पत्ता अजून भरलेला नसेल तर क्रॅश होईल. साध्या माणसाला ही अडचण वाटते, हल्लेखोराने त्यातच संधी पाहिली, कारण जे अजून भरलेलं नाही ते आपल्याला हवं तसं भरून घेता येतं.

आता प्रत्यक्ष काय केलं. रिझॉल्व्हर सीपीयू तपासायला जीसीसीच्या हेडरमधलं गेट_सीपीयूआयडी वापरतो, त्या नावाच्या आधी दोन अंडरस्कोअर असतात. बिल्डच्या वेळी सोर्समध्ये गुपचूप बदल करून तिथे एकच अंडरस्कोअर असलेलं फंक्शन घातलं गेलं आणि ते फंक्शन बाहेरून आणलेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये होतं. एक अंडरस्कोअर कमी. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या नजरेतून ते सुटलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं तेव्हा दिसलं. हे फंक्शन पहिल्यांदा सीआरसी३२ च्या रिझॉल्व्हरमधून कॉल होतं तेव्हा फक्त एक काउंटर वाढवतं आणि खरंखुरं सीपीयूचं उत्तर देऊन गप्प बसतं. दुसऱ्यांदा, सीआरसी६४ च्या वेळी, कामाला लागतं.

काम म्हणजे आधी खात्री करणं की आपण योग्य घरात आहोत. प्रोग्रॅमचं नाव यूएसआर-एसबिनमधला एसएसएचडीच आहे का, टर्म हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नाहीये ना, भाषा सांगणारं लँग आहे ना, लिंकरचं डीबगिंग चालू करणारी एलडी_डीबग आणि एलडी_प्रोफाइल ही व्हेरिएबलं नाहीत ना. टर्मची अट फार विचार करून ठेवलेली आहे, सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हरला टर्म नसतं आणि माणसाने टर्मिनलमधून हाताने चालवून बघितलं की असतं. म्हणजे शंका आली म्हणून तुम्ही स्वतः चालवून पाहायला गेलात की ते गप्प. फ्रॉइंडला हे कळल्यावर त्याने एन्व्हायर्नमेंट रिकामं करून, फक्त लँग ठेवून, एसएसएचडी नुसता मदतीच्या पर्यायाने चालवला. सर्व्हर सुरूच करायचा नाही, वापर कसा करायचा ते छापून बाहेर पडायचं. तरी त्याच्या जुन्या मशीनवर सुमारे ०.५ सेकंद, आणि तेच टर्म दिलं की ०.०१. माझ्या मते या अख्ख्या तपासातला सगळ्यात सुंदर प्रयोग हा आहे, कारण मेनला करायला जवळपास काही उरलंच नव्हतं, जो वेळ गेला तो सगळा मेनच्या आधीचा.

तपासण्या पार पडल्या की तो कोड डायनॅमिक लिंकरच्या स्वतःच्या डेटामध्ये ऑडिट हुक बसवतो. ऑडिट ही लिंकरचीच अधिकृत सोय आहे, कुठलं नाव कुठे जोडलं जातंय ते बघता यावं म्हणून दिलेली. मग लिंकर जेव्हा शेवटी एसएसएचडीच्या जागा भरायला घेतो तेव्हा प्रत्येक नावाला हुक कॉल होतो, आणि तो वाट बघत असतो आरएसए_पब्लिक_डिक्रिप्ट या एका नावाची. ते आलं की त्या जागेत स्वतःचा पत्ता. झालं. पुढे मेन सुरू होतो, कॉन्फिगरेशन वाचतो, पोर्ट उघडतो, सगळं नेहमीसारखं, फक्त सही तपासायचं फंक्शन आता दुसऱ्याचं आहे. येणाऱ्या सर्टिफिकेटमधल्या किल्लीत हल्लेखोराने लपवलेला मजकूर असेल आणि त्यावर त्याच्या खाजगी ईडी४४८ किल्लीची सही जुळली तर त्यातली कमांड रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, चालते, लॉगिन व्हायच्या आधीच. सही जुळली नाही तर मूळ फंक्शनला काम सोपवून देतं, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती पळवाट वापरताही येत नाही आणि बाहेरून तपासताही येत नाही.

मग साधा कन्स्ट्रक्टर का नाही वापरला? मला बरेच दिवस हा प्रश्न होता. उत्तर एसएसएचडीच्या बिल्डमध्ये आहे. सुरक्षिततेसाठी तो "सगळे पत्ते सुरुवातीलाच भरा आणि मग तो तक्ता फक्त वाचण्यापुरता करा" अशा फ्लॅगने बनवलेला असतो. एरवी आळशी पद्धत असते, फंक्शन पहिल्यांदा कॉल झालं की त्याचा पत्ता शोधायचा, त्यामुळे तक्ता कायम लिहिता येण्याजोगा राहतो, ते टाळायला हा फ्लॅग. कन्स्ट्रक्टरची पाळी येईपर्यंत तक्ता भरून बंद झालेला असतो, त्यात लिहायचं तर आधी मेमरीची परवानगी बदलावी लागेल. रिझॉल्व्हर मात्र त्या बंद होण्याच्या आधी चालतो. आणि याच फ्लॅगमुळे सगळे रिझॉल्व्हर सुरुवातीलाच चालणार याची हमीही मिळते, आळशी पद्धतीत एसएसएचडीने सीआरसी कधीच मागितला नसता तर ते कदाचित चाललेच नसते. संरक्षणासाठी घातलेलं कुलूप योग्यच होतं, ते काढा असं मी अजिबात म्हणत नाही, पण कुलूप लावणारा आणि चोर एकाच खोलीत होते आणि चोराची पाळी आधी होती.

उशीर का झाला तेही याच गोष्टीत आहे. ऑब्जेक्ट फाइलमध्ये संशयास्पद नावं उघडी दिसू नयेत म्हणून हा कोड अक्षरांचं टेबल चालून नावं ओळखतो, मेमरीतली सिंबल टेबलं स्वतः वाचतो, इन्स्ट्रक्शन उलगडून हव्या त्या जागा शोधतो. हे सगळं हळू. आणि एसएसएचडी प्रत्येक नव्या कनेक्शनला स्वतःला पुन्हा एक्झेक करतो, म्हणजे लिंकरपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदाच सर्व्हर सुरू होताना अर्धा सेकंद गेला असता तर कोणाच्या लक्षात आलं असतं? दर लॉगिनला जात होता म्हणून सापडलं.

तो कोड आत कसा आला ते थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. गिटमध्ये बिल्डची ती स्क्रिप्ट नव्हतीच, ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्यात, होती, बिल्ड-टू-होस्ट नावाच्या एम४ फाइलमध्ये, आणि ती बायनरी होती टेस्टसाठी ठेवलेल्या खराब-चांगल्या नमुना फाइलींमध्ये दडवलेली. आवृत्ती ५.६.० आली २४ फेब्रुवारी २०२४ ला, ५.६.१ आली ९ मार्चला आणि तिच्यात वॅलग्रिंडची ती तक्रारही मिटवलेली होती. बदल फक्त ६४ बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर, जीसीसीने, आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बनत असेल तरच घडायचा. फेडोराची रॉहाइड आणि ४० ची बीटा, डेबियन टेस्टिंग आणि अनस्टेबल, ओपनसुझे टम्बलवीड, काली इथवर तो पोचला होता. डेबियन स्टेबल आणि रेडहॅट एंटरप्राइझपर्यंत पोचायच्या आत सापडला.

यातून मी माझ्या कामात काय बदललं ते सांगतो. आता कुठलीही लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घ्यायच्या आधी मी रीडएल्फ या बायनरी वाचायच्या टूलने दोन गोष्टी बघतो, इनिट ॲरेमध्ये, म्हणजे कन्स्ट्रक्टरच्या यादीत, किती नोंदी आहेत आणि सिंबलमध्ये आयफंक प्रकारची किती आहेत. आणि एलडीडीने लायब्ररींची पूर्ण साखळी काढतो, फक्त मी मेकफाइलमध्ये लिहिलेली नावं नाही. विश्वासातल्या नसलेल्या बायनरीवर एलडीडी चालवू नका बरं का, तो कधीकधी ती फाइल खरंच लोड करतो, आणि लोड करणं म्हणजे काय ते वर सांगितलंच, तिथे रीडएल्फ किंवा ऑब्जडम्पच वापरा. पहिल्यांदा हे एका साध्या टूलवर केलं तेव्हा मी स्वतः तीन लायब्ररी लिंक केल्या होत्या आणि यादीत कितीतरी जास्त निघाल्या, एका ओळीच्या सोयीसाठी घेतलेल्या लायब्ररीने निम्म्या आणल्या होत्या. ती मी काढली आणि ते काम वीस ओळींत हाताने लिहिलं. यावर टीममध्ये वाद झाला, "चाक पुन्हा कशाला शोधायचं" वगैरे, पण मला ते अजूनही पटतं. छोटं काम असेल तर लिहून टाकावं, दर लायब्ररीगणिक आपण मेनच्या आधीचा वेळ कोणाला तरी देत असतो.

ओपनएसएसएचनेही नेमकं तेच केलं. १ जुलै २०२४ च्या ९.८ मध्ये सिस्टमडीला कळवण्याचा कोड त्यांनी स्वतः लिहून आत घेतला, लिबसिस्टमडीशिवाय. सिस्टमडीने २५६ पासून लिबसिस्टमडीत दाबकामाच्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच उघडायला सुरुवात केली, तो बदल त्यांचा प्रकरण फुटायच्या आधीच ठरला होता.

आणि एक्सझेड? मूळ मेंटेनर लासे कॉलिनने २९ मे २०२४ ला ५.६.२ आणली, तिच्यात बॅकडोर काढलाच पण आयफंकसुद्धा काढून टाकलं. सोबतच्या टिपणात त्याने स्पष्ट लिहिलंय की हे सुरक्षिततेच्या कारणासाठी केलेलं नाही, या प्रोजेक्टमध्ये आयफंकचा वेगातला फायदा इतका कमी आहे की त्याची गुंतागुंत परवडत नाही. मला हे प्रामाणिक वाटलं. त्याच्या जागी आता साधा फंक्शन पॉइंटर आहे आणि तो भरणारं एक छोटं फंक्शन, ज्या कंपायलरला जमतं तिथे त्याला कन्स्ट्रक्टर ॲट्रिब्यूट लावलेलं आहे, जिथे जमत नाही तिथे पहिल्या कॉलला भरतात. म्हणजे सीआरसीचा निर्णय अजूनही मेनच्या आधीच होतो, फक्त आता रिलोकेशन संपल्यावर, तक्ता बंद झाल्यावर. ती फाइल काढून वाचा, अगदी सरळ सी आहे.